सॅक किती लिटरची घेऊ, ताई? थंडीच्या ट्रेकसाठी वाचकांचे प्रश्न

नमस्कार मंडळी. दिवाळीचा फराळ संपला की साताऱ्या-सांगलीकडची ट्रेकर मंडळी पावसाळी सॅक झटकून बाहेर काढतात आणि तेव्हा लक्षात येतं की जाकीट आणि स्लीपिंग बॅग कोंबली की चेन लागत नाही. यावेळी आलेल्या पत्रांतली बहुतेक याच एका गोष्टीवर आहेत, म्हणून आजचं पूर्ण सदर त्यालाच देतेय. प्रश्न थोडे आखूड करून घेतलेत.

प्रश्न : ताई, आमचा शाहूपुरीतला (सातारा) सात-आठ जणांचा ग्रुप आहे. पावसाळ्यात माझी 30 लिटरची सॅक मस्त पुरते. आता थंडीत चंदन-वंदन, कमळगड, रायरेश्वर असे मुक्कामाचे ट्रेक ठरवलेत आणि इमर्जन्सीचं सामान माझ्याकडं दिलंय, म्हणजे फर्स्ट एड, दोरी, जादा गरम कपडे वगैरे. मित्र म्हणतो घेतोयस तर सरळ 70 लिटरची घे, एकदाच काय तो खर्च. दुकानदार म्हणाला 50. काय करू?

70 ची घेऊ नका. आणि 50 ची पण लगेच घेऊ नका. आधी घरात जमिनीवर एक चादर अंथरा आणि जे जे न्यायचंय ते सगळं तिच्यावर मांडा. सॅक सगळ्यात शेवटी ठरवायची असते, आपल्याकडं मात्र ऑफर बघून सॅक आधी घरी येते आणि मग ती भरायला सामान शोधलं जातं.

थंडीच्या सामानाचं असं आहे बघा, त्याचं वजन फार वाढत नाही, आकार वाढतो. स्लीपिंग बॅग काय, पॅडिंगचं जाकीट काय, ऊब देतं ते त्यात अडकलेल्या हवेमुळं, आणि हवा हलकी असली तरी जागा खाते. म्हणून तुमची 30 लिटरची सॅक किलोच्या हिशोबानं अजून चालली असती पण लिटरच्या हिशोबानं नाही चालणार. मोठी सॅक लागते ती या फुगलेल्या सामानासाठी, जास्त वजन वाहण्यासाठी नव्हे, हे एकदा डोक्यात बसलं की निवड सोपी होते.

लिटर मोजायचे कसे? घरातली बादली घ्या, बऱ्याचदा तिच्यावर लिटर लिहिलेले असतात. नसतील तर पुठ्ठ्याचा खोका घ्या, लांबी रुंदी उंची सेंटिमीटरमध्ये मोजा, गुणाकार करा आणि 1000 नं भागा. 30 बाय 30 बाय 50 चा खोका म्हणजे 45 लिटर. आता त्यात सामान रचून बघा. साधी सिंथेटिक स्लीपिंग बॅग तिच्या पिशवीत दाबून साधारण 12 लिटर जागा घेते, जाकीट 4, फ्लीस-थर्मल-मोजे-कानटोपी मिळून 4, विंडचीटर 2, फर्स्ट एड 2, ताडपत्री आणि बारीक दोरी 3, पाणी 3, खायचं आणि पातेलं वगैरे 5, टॉर्च-पॉवरबँक-चाकू-काडेपेटी असलं सटरफटर 1. झाले 36. आता यात पाचवा हिस्सा वाढवा, कारण घरात पंख्याखाली बसून भरलेली सॅक पहाटे पाच वाजता गारठलेल्या बोटांनी तशीच परत भरता येत नाही, शिवाय कुणाचा पाय मुरगळला तर त्याचं थोडं सामान तुमच्याकडंच येणार आहे. म्हणजे 43-44. तुम्हाला 45 ची सॅक पाहिजे, आणि 45 मध्ये चांगली मिळाली नाही तर 50 ची. दुकानदार फार लांब नव्हता. कॅरीमॅट, म्हणजे अंगाखाली घालायची फोमची चटई, गुंडाळून बाहेर बांधायची, ती या हिशोबात धरलेली नाही.

70 नको म्हणते त्याची कारणं. एक तर एवढी मोठी सॅक रिकामीच दोन-अडीच किलोची असते. दुसरं, अर्धवट भरली की आतलं सामान हलत राहतं, आणि रायरेश्वरच्या लोखंडी शिडीवर पाठीमागं हलणारं ओझं माणसाला मागं खेचतं. तिसरं म्हणजे ग्रुपमध्ये ज्याची सॅक मोठी त्याच्याकडं सगळ्यांचे टोमॅटो, कांदे आणि चिवड्याची पाकिटं येतात हे तुम्हाला माहीत असेलच. इमर्जन्सीच्या सॅकमध्ये दुसऱ्यांचा शिधा भरला की जखमेची पट्टी तळाशी जाते.

वजनाचा साधा नियम, मुक्कामाच्या ट्रेकला आपल्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त उचलायचं नाही. 65 किलोचा माणूस असेल तर 13 किलो, पाणी धरून. वरच्या यादीत तुम्ही दहाच्या आसपास बसता, त्यामुळं ठीक आहे.

आता दोरीबद्दल थोडं कडक बोलते. तुमच्यापैकी कुणी दोरावरचं तंत्र रीतसर शिकलेलं नसेल तर 30 मीटरचा क्लाइंबिंग रोप सॅकमध्ये टाकू नका. तो दोन किलोच्या आसपास जातो आणि तो आहे म्हणून नको तिथं उतरायची हिंमत होते, जी जास्त धोक्याची. ताडपत्री बांधायला, पिशवी वर ओढायला, तुटलेला पट्टा बांधायला 15-20 मीटर बारीक मजबूत दोरी पुरे.

त्या दोन किलोच्या जागी गरम कपड्याचा एक जादा सेट न्या, तो तुमच्या मापाचा नको, ग्रुपमधल्या सगळ्यात धिप्पाड माणसाला होईल असा घ्या. ढगळ जाकीट कुणालाही चढतं, आखूड जाकीट अडचणीत उपयोगाचं नसतं.

आणि कृपा करून शेकोटीच्या भरवशावर गरम कपडे घरी ठेवू नका. जानेवारीपासून आपले डोंगर नुसते वाळलेलं गवत असतात, एक ठिणगी उडाली की अख्खी सोंड जळते, साताऱ्याच्या आजूबाजूला दरवर्षी वणवे लागतात आणि गावातली पोरं हिरव्या फांद्या घेऊन रात्री ते विझवत फिरतात. अभयारण्यात तर आग लावायला बंदीच आहे. शेकोटी समोरून भाजते, पाठ गारच राहते, आणि पहाटे तीनला जेव्हा खरी थंडी पडते तेव्हा ती विझलेली असते. ऊब सॅकमध्ये घेऊन जायची.

मुक्कामाची जागा बघताना पण हेच डोक्यात ठेवा. गार हवा जड असते, रात्री ती उतारावरून खाली येऊन खोलगट जागी साचते, म्हणून महाबळेश्वरला वेण्णा लेकच्या काठी हिमकण दिसतात तेव्हा गावात तेवढं कडक नसतं. पाण्याकाठचा खोलगा टाळा आणि अगदी उघडं पठार पण टाळा, कारण चाळकेवाडीसारख्या पवनचक्कीच्या पठारावर वारा अंगातली ऊब पळवून नेतो. थोडा वर, वाऱ्याला आडोसा असलेला टप्पा बघा, मग स्लीपिंग बॅग फार जाडजूड घ्यावी लागत नाही आणि सॅक पण आपोआप छोटी होते.

प्रश्न : ताई, मी इस्लामपूरची. उंची पाच फूट. मिस्टरांची 50 लिटरची सॅक घेऊन सागरेश्वरला आणि मग प्रचितगडाकडं गेले तर खांदे अक्षरशः सोलून निघाले, दोन दिवस हात वर होईना. सामान तर फक्त सात किलो होतं. बायकांनी मोठी सॅक घ्यायचीच नाही का?

घ्यायची की. तुम्हाला सॅक जड झाली नाही, लांब झाली. सात किलो कुणाचेही खांदे सोलत नाही जर ते कमरेवर बसलं असेल.

सॅकचं माप माणसाच्या उंचीवर नसतं, पाठीच्या लांबीवर असतं. मान खाली घाला, मानेच्या बुडाशी एक हाड टोचतं बोटाला, तिथून टेप धरायची. मग दोन्ही हात कमरेवर असे ठेवा की अंगठे मागं येतील, कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर. दोन अंगठ्यांच्या मधल्या रेषेपर्यंत जे सेंटिमीटर येतात ते तुमचं माप. मुलीला नाहीतर जावेला टेप धरायला सांगा, एकटीला जमत नाही. तुमच्या उंचीला ते 40 च्या आसपास यायची शक्यता आहे आणि मिस्टरांची सॅक बहुतेक 48-50 ची असणार. मग काय होतं, पट्टा हाडावर न बसता खाली मांडीकडं घसरतो, कंबर काही उचलत नाही आणि सगळं ओझं खांद्यावर लटकतं.

दुकानात जाल तेव्हा मागं सरकणारा पट्टा असलेली, म्हणजे पाठीची लांबी कमी-जास्त करता येते अशी सॅक मागा. बायकांसाठी वेगळ्या बनवलेल्या सॅक पण मिळतात, त्यात खांद्याचे पट्टे जवळ-जवळ आणि छातीला टोचणार नाहीत असे वळवलेले असतात, कंबरेचा पट्टा पण कोनात बसतो. रंग गुलाबी असेल नसेल, त्यावर जाऊ नका, पट्टे बघा.

आणि रिकामी सॅक पाठीला लावून आरशात बघून घेऊ नका हो, रिकामी कुठलीही छान बसते. घरून पाण्याच्या भरलेल्या बाटल्या न्या, आठ लिटर पाणी म्हणजे आठ किलो, वर एखादी चादर कोंबा आणि दुकानातच पंधरा-वीस मिनिटं चाला, जिना असेल तर चढून उतरा. चांगला दुकानदार काही म्हणत नाही. जो म्हणतो त्याच्याकडून घेऊ नका.

घालायचा क्रम पण सांगते कारण बरेच जण उलटा करतात. सगळे पट्टे सैल. मग आधी कमरेचा पट्टा, तो पोटावर नको, कमरेच्या हाडावर, आणि घट्ट. त्यानंतर खांद्याचे ओढायचे, पण एवढेच की सॅक पाठीला लागेल. मग खांद्यावरून सॅकच्या वरच्या टोकाला जाणारे छोटे पट्टे असतात ते थोडे ओढायचे म्हणजे सॅक मागं झुकत नाही. छातीवरचा सगळ्यात शेवटी आणि सैलसर, श्वास कोंडायला नको. बरोबर बसली असेल तर खांद्याखाली दोन बोटं सहज सरकतात आणि बहुतेक वजन कमरेवर आल्याचं लगेच कळतं. तुमच्या मापाची 45 लिटरची सॅक घेतलीत तर प्रचितगड तुम्ही परत कराल आणि हात पण वर होतील.

प्रश्न : मी पाटण तालुक्यातल्या शाळेत शिक्षक आहे. नववी-दहावीच्या मुलांना जानेवारीत वासोट्याला न्यायचंय. मुक्काम नाही, संध्याकाळी परत बोटीनं बामणोली. तरी मोठी सॅक लागेल का? एकच मोठी इमर्जन्सी सॅक सरांकडं ठेवावी की प्रत्येक मुलाकडं थोडं थोडं द्यावं?

सर, तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटला, कारण एका दिवसाचा ट्रेक म्हणून लोक सगळ्यात कमी सामान घेऊन जिथं जातात ती जागा वासोटा आहे आणि तिथंच अडकलं तर सगळ्यात जास्त वेळ लागतो. शिवसागर जलाशय बोटीनं ओलांडून पलीकडं उतरायचं, मग कोयनेचं दाट जंगल, मोबाईलला रेंज नाही, रात्री राहायची परवानगी नाही, आणि संध्याकाळी बोट. आता वरच्या टप्प्यात एखाद्या मुलाचा पाय मुरगळला तर त्याला खाली आणायला जो वेळ जातो त्यात सूर्य मावळतो, घामानं भिजलेला कॉटनचा टीशर्ट गार पडतो आणि मूल कुडकुडायला लागतं. हाडं गोठवणारी थंडीच पाहिजे असं काही नाही, ओले कपडे आणि वारा एवढ्यावर 10-12 डिग्रीला पण माणूस गारठून आजारी पडतो.

म्हणून हो, मोठी सॅक पाहिजे. एकच, 40 ते 45 लिटरची, आणि ती तुमच्या शाळेच्या मालकीची करून टाका, म्हणजे दरवर्षी शोधाशोध नको. त्यात काय? तीन-चार ढगळ स्वेटर किंवा फ्लीस, दोन कॅरीमॅटचे कापलेले तुकडे बसायला, एक हलकी स्लीपिंग बॅग, ताडपत्री, चंदेरी इमर्जन्सी ब्लँकेट चार-पाच, ती तर मुठीएवढी असतात. क्रेप बँडेज, जखमेचं सामान, ओआरएस, गूळ-शेंगदाण्याच्या वड्या, थर्मासमध्ये गोड चहा. दोन हेडटॉर्च आणि वेगळे सेल. ज्या मुलांना दमा आहे, कुठली ॲलर्जी आहे, त्यांची औषधं पालकांकडून नावासकट घेऊन ठेवा.

आणि सॅक कुणाकडं हा तुमचा दुसरा प्रश्न. सरांकडं, पण पुढच्या सरांकडं नको. ती सगळ्यात मागून चालणाऱ्या माणसाकडं द्या. जो अडचणीत येतो तो मागं पडतो, आणि सॅक पुढं निघून गेली की शिट्टी मारून, ओरडून, कुणाला तरी पळवून ती मागं आणावी लागते. पुढं वाटाड्या, मागं सॅक.

मुलांकडं पण थोडं द्याच. प्रत्येकाच्या दप्तरात एक शिट्टी, एक स्वेटर, पाणी दोन लिटर आणि टॉर्च. शिट्टीचा संकेत शाळेतच शिकवा, मिनिटाला सहा वेळा, मग एक मिनिट थांबायचं, परत सहा, आणि ज्याला ऐकू आलं त्यानं मिनिटाला तीन वेळा वाजवून उत्तर द्यायचं. हा जगभर डोंगरात चालणारा संकेत आहे. मुलांना असलं फार आवडतं, मैदानावर एकदा खेळून घ्या.

थंडी बाधायला लागली हे ओळखायचं कसं तेही सांगते सर, हे पालकांना पण वाचून दाखवा. आधी मूल कुडकुडतं. मग बोटांना शर्टाचं बटण लागत नाही, चालताना अडखळतं, बोबडी वळते, विचारलं की चिडतं नाहीतर गप्पच बसतं. आणि जर कुडकुडणं थांबलं पण मूल सुस्तच आहे तर ते बरं झालं असं समजू नका, ती धोक्याची पायरी आहे. ओले कपडे उतरवा, कोरडे घाला, डोकं झाका. जमिनीवर तसंच बसवू नका, खाली कॅरीमॅट, ती नसेल तर रिकामी केलेली सॅक, कारण गार जमीन अंगातली ऊब ओढून घेते आणि वरून कितीही पांघरलं तरी खालून जातच राहते. चंदेरी ब्लँकेट फक्त वरून गुंडाळून भागत नाही, त्याच्या आत स्वेटर किंवा स्लीपिंग बॅग पाहिजे. शुद्धीवर असेल, नीट गिळता येत असेल तर कोमट गोड चहा. हातपाय चोळू नका.

मोठ्या सॅकचा इथं एक फायदा आहे जो कुणी सांगत नाही. ती रिकामी केली की पाय ढोपरापर्यंत आत जातात. दोन्ही पाय आत घालून, वरून दोरी ओढून, आडोशाला बसवलेलं मूल बराच वेळ तग धरतं.

निघायच्या आधी बोटवाल्याला आणि वनखात्याच्या नाक्यावर किती मुलं आहेत आणि परत कधी येणार ते लिहून द्या, गावाकडं एका जबाबदार माणसाला पण. रेंज मिळाली की 112, ॲम्ब्युलन्सला 108. आणि डोंगरातल्या मदतीची सवय असलेली पथकं आपल्या जिल्ह्यात आहेत, महाबळेश्वर ट्रेकर्ससारखी, जवळच्या पथकाचा नंबर आधीच शोधून कागदावर लिहून ठेवा, मोबाईलची बॅटरी गेली तरी कागद राहतो.

एक राहिलंच, मुलांना अत्तर-परफ्युम लावून येऊ नका म्हणावं आणि वरती धूर करू नये. आग्या मोहोळ उठलं तर सॅक तिथंच टाकून डोकं-तोंड झाकून लांब जायचं.

प्रश्न : ताई, मी कराडला इंजिनिअरिंगला आहे, डिसेंबरच्या शेवटी उत्तराखंडातला केदारकांठा करतोय. मामाची 45 ची सॅक आहे. ती चालेल की 60 ची घेऊ? आणि मोठं सामान खेचरावर देणार आहे.

60 ची बघ, पण विकत घेण्याआधी भाड्यानं मिळते का ते बघ, पुण्यात स्लीपिंग बॅगपासून सॅकपर्यंत सगळं भाड्यानं देणारे आहेत आणि तू परत बर्फात कधी जाणार हे तुलाच माहीत नाही अजून. स्लीपिंग बॅग आणि तंबू आयोजक देणार असतील तर मामाची 45 पुरेल, आयोजकांना आधी फोन करून विचार.

केदारकांठा साडेबारा हजार फुटांच्या आसपास, सांकरीतून चढायचं, त्या दिवसांत रात्री पारा शून्याच्या चांगला खाली जातो. आपल्या रायरेश्वरच्या थंडीचा अंदाज तिथं लावू नकोस.

मला काळजी आहे ती तुझ्या खेचराच्या वाक्याची. मोठी सॅक खेचरावर दिली की ती संध्याकाळी कॅम्पवरच भेटते. मधे हवा बिघडली, बर्फ पडायला लागलं, तू मागं राहिलास तर तुझं जाकीट तुझ्या पुढं दोन तास चालतंय. म्हणून खेचरावर काहीही दे, पण तुझ्या पाठीवर 25-30 लिटरची सॅक राहिलीच पाहिजे आणि तिच्यात सगळ्यात जाड जाकीट, कोरडे मोजे, जादा हातमोजे, टॉर्च, पाणी, खाऊ, इमर्जन्सी ब्लँकेट, गॉगल, तुझी औषधं. पोरं नेमकी उलटी वागतात, पाठीवर कॅमेरा आणि बिस्किटं, खेचरावर जाकीट.

आणखी बारीकसारीक. पाण्याची नळीवाली पिशवी नेऊ नकोस, नळीतलं पाणी आधी गोठतं. बाटली ने आणि रात्री उलटी करून ठेव, बर्फ वरच्या बाजूनं धरायला लागतो, मग सकाळी झाकणाकडं पाणी राहतं. मोबाईल आणि पॉवरबँक रात्री स्लीपिंग बॅगच्या आत, थंडीत बॅटरी पटापट उतरते. स्लीपिंग बॅगवर दोन-तीन तापमानं छापलेली असतात, त्यातलं कम्फर्ट लिहिलेलं बघ, एक्स्ट्रीमवाल्या आकड्यावर झोप लागत नाही, तो कसाबसा जीव वाचायचा आकडा आहे. अंगालगत कॉटनची बनियन नको. बुटाला लावायचे काटे सॅकच्या आत टाकलेस तर जाकीट फाडतील, जाड पिशवीत घालून बाहेरच्या पट्ट्याला बांध.

गोवा एक्सप्रेसनं दिल्लीपर्यंत जाणार असशील तर 60 ची सॅक बर्थखाली जाते, पण बाहेर लटकणारं काही ठेवू नकोस. विमानानं गेलास तर पॉवरबँक हातातल्या बॅगेत, आणि स्टोव्हचा गॅस सिलिंडर विमानात कुठंच चालत नाही.

प्रश्न : थंडीत पाऊस नसतो तर रेन कव्हर कशाला न्यायचं? तेवढंच वजन कमी. — वाचक, कोरेगाव

दहिवर बघितलंय का हो कोयनेच्या काठचं? सकाळी तंबूबाहेरची सॅक पिळून घ्यावी एवढी ओली असते. कव्हर न्याच, शंभर-दीडशे ग्रॅमचा प्रश्न आहे. पण कव्हरपेक्षा आतली पिशवी महत्त्वाची. सॅकच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी घाला, स्लीपिंग बॅग आणि कोरडे कपडे त्या पिशवीत, तोंड पिळून दुमडून ठेवा. कव्हर वाऱ्यानं उडतं, झुडपाला फाटतं, पाठीकडच्या बाजूनं पाणी आत येतंच. पिशवी कुठं जात नाही. रात्री सॅक तंबूत नाहीतर डोक्याशी घ्या.

प्रश्न : ताई, नवीन मोठी सॅक परवडत नाही. माझ्याकडं जुनी 55 लिटरची आहे, भावानं दिलेली, पाठीला बरोबर बसते पण चेन अडकते, एक बकल तुटलंय आणि आत कप्पा एकच आहे. मिरजेत बॅग शिवणारे आहेत, त्यांच्याकडून करून घेऊ का? की थांबून नवीन घेऊ?

पाठीला बसते ना? मग करून घ्या, नवीन नको. सॅकमधली न बदलता येणारी एकच गोष्ट म्हणजे ती आपल्या पाठीला बसणं, बाकी सगळं शिवता येतं.

शिवायला द्यायच्या आधी आतली फ्रेम तपासा. पाठीमागं हात फिरवला की उभ्या पट्ट्या किंवा कडक शीट लागेल, ती मोडलेली असेल तर मात्र खर्च करू नका. मग खांद्याचा पट्टा सॅकला जिथं जोडलाय तिथली शिलाई ओढून बघा, दोरा कुजला असेल तर नायलॉनच्या जाड दोऱ्यानं उलटसुलट डबल शिलाई मारून घ्या, सॅक फाटते ती बहुतेक तिथंच. चेन मोठ्या दाताची लावून घ्या, बारीक चेन धुळीनं अडकते. बकल बदलताना एक जादा विकत घेऊन सॅकच्या कप्प्यात टाकून ठेवा. छातीच्या पट्ट्याच्या बकलला शिट्टी असलेलं मिळालं तर तेच लावा.

आता कप्प्याचं. मुद्दाम कप्पे शिववून घेऊ नका, वजन वाढतं आणि शिलाईतून पाणी येतं. वेगवेगळ्या रंगाच्या कापडी पिशव्या करा, घरीच शिवता येतील. लाल पिशवीत फर्स्ट एड, पिवळीत टॉर्च-काडेपेटी-शिट्टी-इमर्जन्सी ब्लँकेट, निळीत कोरडे कपडे. कुठल्या रंगात काय ते अख्ख्या ग्रुपला माहीत पाहिजे, कारण तुम्हालाच काही झालं तर सॅक दुसरा उघडणार आहे. भरताना तळाशी स्लीपिंग बॅग, मधोमध पाठीला चिकटून पाणी आणि खाण्याचं जड सामान, वर जाकीट, आणि लाल-पिवळ्या पिशव्या झाकणाच्या कप्प्यात. तिथं दुसरं काही ठेवायचं नाही, शेंगदाण्याची पुडी पण नाही.

आणि बॅगवाल्याकडं असतानाच प्रत्येक चेनच्या पुलरला बोटभर लांब जाड नाडीची गाठ मारून घ्या, दोन बोटं आत जातील एवढी. थंडीत बोटं बधिर झाली की तो छोटा धातूचा पुलर हातात धरताच येत नाही. मी चंदनवर पहाटे एका चांगल्या दणकट पोराला दातांनी चेन ओढताना बघितलंय, आत जाकीट आणि हा बाहेर कुडकुडतोय. नाडी हातमोज्यात पण सापडते, अंधारात पण सापडते. शक्यतो भडक केशरी किंवा पिवळी घ्या, तुमची जुनी सॅक काळी असेल तर मागच्या बाजूला पण त्याच रंगाच्या कापडाचा एक वीतभर पट्टा शिवून घ्या म्हणजे गवतात ठेवलेली लांबून दिसेल. बॅगवाल्याला म्हणावं उरलेल्या कापडात तो पट्टा बसवून द्या, वेगळे पैसे शक्यतो मागत नाहीत.